विष्णुपंत दामले

विष्णुपंत गोविंद दामले (जन्म : १४ ऑक्टोबर १८९२, पेण, मृत्यू : ५ जुलै १९४५) हे मराठी चित्रपटसृष्टीच्या पहिल्या पिढीतील छायालेखक, ध्वनिमुद्रक आणि दिग्दर्शक होते. प्रभात फिल्म कंपनीच्या पाच संस्थापक-भागीदारांपैकी ते एक होत. शेख फत्तेलाल यांच्यासह त्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या बोलपटामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. प्रभातमध्ये मात्र त्यांचे रोजचे काम ध्वनिमुद्रणाचे होते. वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर, हाती कोणतेही पाठ्यपुस्तक नसताना आणि शिकवणारी कोणतीही संस्था देशात नसताना, पडदे रंगविणाऱ्या या कलावंताने आवाज टिपण्याची व आवाजात आवाज मिसळण्याची विद्या हस्तगत केली. चित्रपटक्षेत्रात ते ‘दामलेमामा’ या नावाने, तर फत्तेलाल ‘साहेबमामा’ या नावाने ओळखले जात.

पूर्वायुष्य आणि पेंटर बंधूंची शाळा

दामले यांचा जन्म त्या वेळच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील पेण येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते कोल्हापूरला आले व आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंच्या हाताखाली काम करू लागले. हे बंधू नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवीत. संगीत नाटकाचा तो भरभराटीचा काळ होता. राजवाडा, अरण्य, रस्ता असे प्रत्येक दृश्य कापडावर उभे करावे लागे व त्यासाठी हात तयार असलेली माणसे लागत. कागलचे शेख फत्तेलाल याच कारखान्यात होते. दामले आणि फत्तेलाल यांची जन्मभराची जोडी तेथेच जमली. एक ब्राह्मण व एक मुसलमान अशा या दोन चित्रकारांनी पुढे महाराष्ट्राच्या दोन सर्वांत लाडक्या संतांवर चित्रपट काढावेत, याचे त्या काळी कोणाला फारसे नवल वाटले नाही. आज ते अधिक वाटते.

पेंटर बंधूंच्या कारखान्यात चित्रकलेइतकेच यंत्रांचेही वेड होते. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः तयार करण्याचे त्यांचे स्वप्न बाबूरावांनी पुढे नेले आणि त्या कामात दामले त्यांचे प्रमुख सहायक होते. १९१८ च्या सुमारास हा कॅमेरा सिद्ध झाला. परदेशी यंत्र समोर ठेवून, त्याचे भाग उलगडून, पितळ-लोखंड घासून यंत्र उभे करण्याचा हा अनुभव दामले यांच्या पुढील आयुष्याची खरी शिदोरी ठरला. यंत्र बंद पडले तर दुरुस्तीला बोलावण्यासारखे जवळपास कोणी नव्हते. यंत्र ज्याने वापरायचे त्यानेच ते उघडायचे, हा कोल्हापूरच्या त्या कारखान्याचा शिरस्ता होता.

महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘सैरंध्री’ (१९२०) पासून अनेक मूकपटांत दामले यांनी छायालेखन व तांत्रिक कामे सांभाळली. १९२८ मध्ये फत्तेलाल यांच्यासह ‘महारथी कर्ण’ हा मूकपट त्यांनी दिग्दर्शित केला.

प्रभातची स्थापना

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे चार कलावंत व सराफीचा व्यवसाय असलेले सीताराम कुलकर्णी हे तिचे भागीदार. कामाची वाटणी सरळ होती. शांतारामांकडे दिग्दर्शन, धायबर यांच्याकडे कॅमेरा, फत्तेलाल यांच्याकडे कलादिग्दर्शन, कुलकर्णी यांच्याकडे पैशाचा व्यवहार. दामले यांच्याकडे तांत्रिक बाजू आली. पहिली दोन-अडीच वर्षे ‘गोपाळकृष्ण’, ‘उदयकाल’, ‘चंद्रसेना’ असे मूकपट निघाले. तुतारी फुंकणारी स्त्री हे प्रभातचे बोधचिन्ह महाराष्ट्रभर परिचित झाले.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला आणि मूकपटांचे दिवस भरले. बोलपट टिकेल की नाही याविषयी अनेक जाणत्यांच्या मनात शंका होती. प्रभातमध्येही प्रारंभी उत्साहापेक्षा साशंकताच अधिक होती. परंतु प्रेक्षक एकदा पडद्यावरचे गाणे ऐकून आला की त्याला मुका पडदा नकोसा होई. कंपनीला ध्वनियंत्र आणावेच लागले आणि ते चालविण्याची जबाबदारी दामले यांच्यावर पडली.

आवाजाचे छायाचित्र

दामले यांना नेमके काय शिकावे लागले, हे समजण्यासाठी त्या काळच्या तंत्राची थोडी ओळख आवश्यक आहे.

त्या वेळी चित्रपटाचा ध्वनी फितीवर चुंबकाने नव्हे, तर प्रकाशाने नोंदला जाई. मायक्रोफोनपाशी आलेल्या ध्वनिलहरींचे रूपांतर विजेच्या चढ-उतारात होई. त्या चढ-उतारांनुसार एक बारीक प्रकाशरेषा रुंद-अरुंद किंवा मंद-प्रखर होई. ती रेषा सरकत्या फिल्मच्या कडेवर उमटत राही. फिल्म धुतली की त्या कडेवर आवाजाचे चित्र दिसे. कुठे डोंगररांगेसारखे, कुठे शिडीच्या पायऱ्यांसारखे. चित्रगृहात त्याच कडेतून प्रकाश आरपार जाई, पलीकडचा विद्युत्-घट तो ओळखी आणि कर्ण्यातून पुन्हा आवाज निघे. ध्वनी हा अक्षरशः छायाचित्राच्या रूपाने साठविला जात होता.

यामुळे ध्वनिमुद्रकाच्या चुका दोन ठिकाणी होऊ शकत. एक चूक मायक्रोफोनपुढे, दुसरी रसायनशाळेत. ध्वनीची फिल्म द्रावणात ठरल्याहून जास्त वेळ राहिली किंवा द्रावण जुने झाले, तर उत्तम टिपलेला आवाजही चरचरीत किंवा घोगरा होई. नुसते संगीत जाणणारा मनुष्य येथे अडला असता. उलट दामले यांची वर्षानुवर्षे फिल्म हाताळण्यात गेली होती. काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा त्यांना चित्रकार म्हणूनही ठाऊक होत्या. नवी विद्या त्यांनी जुन्या हाताने पकडली, असे म्हणता येईल. त्यांना कान डोळ्यांकडून मिळाला.

दुसरा बदल वेगाचा होता. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवीत. छायालेखकाचे मनगट हेच त्याचे घड्याळ असे आणि सेकंदाला सोळा-अठरा चौकटी इकडेतिकडे झाल्या तरी फारसे बिघडत नसे. बोलपटात तसे चालेना. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट फिल्म, हा वेग विजेच्या मोटरीने काटेकोर राखावा लागे. अन्यथा गायकाचा षड्ज मध्येच ढळे. शिवाय प्रक्षेपकात चित्राची जागा व ध्वनी वाचण्याची जागा वेगळी असल्याने एका क्षणाचा आवाज त्या क्षणाच्या चित्रापेक्षा सुमारे वीस चौकटी पुढे छापावा लागे. हा हिशेब चुकला की ओठ आधी हलत व शब्द नंतर येत.

एका मायक्रोफोनपुढील मैफल

संगीताचे मिश्रण म्हणजे आज आपल्या डोळ्यांपुढे अनेक कळांचे फलक किंवा संगणकाचा पडदा येतो. नांदेड-लातूरकडील एखादा तरुणही आता घरी बसून तबला, पेटी व आवाज वेगवेगळे मुद्रित करतो आणि मग निवांतपणे एकेक आवाज वरखाली करून पाहतो. तबला जड झाला तर तो कमी करायला एक बोट पुरते. १९३२ मध्ये अशी सोय नव्हती. गाणारा गात असताना, वाजविणारे वाजवीत असताना आणि कॅमेरा चालू असतानाच जे मिश्रण होईल तेच कायमचे. गाण्याचा तोल मुद्रणानंतर साधायचा नसून मुद्रणापूर्वीच, माणसांच्या बैठकीत साधायचा असे.

अशा मिश्रणाचे मुख्य साधन म्हणजे अंतर. ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की मोकळ्या जागेत त्याची तीव्रता एक चतुर्थांश होते. म्हणून पखवाज दोन हात मागे नेला की गायकाचा शब्द उठून दिसे. परंतु अंतराबरोबर आणखी एक गोष्ट बदलते. वाद्य दूर गेले की त्याच्या मूळ नादापेक्षा भिंतींवरून परतलेला नाद अधिक ऐकू येतो आणि ते वाद्य विहिरीत वाजल्यासारखे वाटते. मग भिंतींवर जाड पडदे सोडायचे, जमिनीवर सतरंज्या अंथरायच्या, कोपरे भरायचे. पडद्यांच्या कामात उमेद गेलेल्या माणसाला ही कापडाची भाषा परकी नव्हती.

भजनाचा प्रसंग असला की अडचण वाढे. आपल्याकडे भजनात टाळ सर्वांच्या हाती असतो. मंडपात बसलेल्या श्रोत्याचा कान टाळांच्या गजरातूनही अभंगाचा शब्द वेचून घेतो, कारण मनुष्य दोन कानांनी व लक्ष देऊन ऐकतो. मायक्रोफोनला लक्ष देता येत नाही. टाळांचा तीक्ष्ण नाद त्याला गायकाच्या व्यंजनांइतकाच महत्त्वाचा वाटतो व शब्द झाकले जातात. मृदंगाची धुमाळी वाढली तर प्रकाशरेषा आपल्या मर्यादेबाहेर जाते आणि आवाज फाटतो. म्हणून टाळकरी मागे व विखुरलेले, मृदंग एका अंगाला, वीणा जरा जवळ आणि गायक सर्वांत पुढे अशी बैठक आखावी लागे. त्यातही कॅमेऱ्याला ही बैठक खरीखुरी दिंडी वाटली पाहिजे. मायक्रोफोन चौकटीत दिसता कामा नये. त्याची सावली कोणाच्या पागोट्यावर पडता कामा नये. साथीदार चौकटीबाहेर, देखाव्याच्या आडोशाला बसत.

हे सारे जमले की नाही, ते फिल्म धुऊन आल्यावरच खात्रीने कळे. मुद्रण चालू असताना ध्वनिमुद्रक कानाला लावलेल्या यंत्रातून ऐकत असे, परंतु फिल्मवर काय उमटले याची साक्ष रसायनशाळा देई. तोवर देखावा मोडता येत नसे. कच्ची फिल्म परदेशातून येत असल्याने प्रत्येक चुकीची किंमत रोख मोजावी लागे. नवशिक्याला अशा परिस्थितीत एकच वाट असते : बदल एका वेळी एकच करायचा, तो ध्यानात ठेवायचा आणि निकाल आल्यावर मगच दुसरा. आजच्या साधनांनी ही सक्ती काढून टाकली आहे. ती सोय मोठी खरी, पण कान तयार होण्याच्या दृष्टीने तिच्यात काही गमावलेही आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

‘अयोध्येचा राजा’ ते ‘अमृतमंथन’

प्रभातचा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ फेब्रुवारी १९३२ मध्ये प्रदर्शित झाला. हरिश्चंद्राची भूमिका व संगीत गोविंदराव टेंबे यांचे, तारामती दुर्गा खोटे. हा चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत स्वतंत्रपणे चित्रित झाला. म्हणजे प्रत्येक प्रसंग व प्रत्येक गाणे ध्वनिमुद्रकाला दोनदा साधावे लागले. टेंबे हे स्वतः नामांकित हार्मोनियमवादक व नाट्यसंगीताच्या परंपरेतील जाणकार. नाट्यगृहातील गायक शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचविण्यास सरावलेला असे. मायक्रोफोन मात्र हातभर अंतरावर असतो. रंगभूमीवरचा आवाज व पडद्यावरचा आवाज यांतील ही तफावत भरून काढण्याचे काम सुरुवातीच्या काही वर्षांत नट, संगीतकार व ध्वनिमुद्रक या तिघांनी एकमेकांकडून शिकत केले. आज ‘अयोध्येचा राजा’ पाहताना त्यातील गायन व संवाद बहुतांशी स्पष्ट कळतात, ही गोष्ट त्या काळच्या इतर बोलपटांच्या तुलनेत लक्षणीय आहे. त्यात खरखर आहे आणि काही ठिकाणी पात्र वळले की आवाजही वळतो. तरीही ऐकणाऱ्याला ताण पडत नाही.

यानंतर ‘अग्निकंकण’, ‘मायामच्छिंद्र’, ‘सिंहगड’ हे बोलपट लागोपाठ आले. १९३३ मध्ये प्रभात कोल्हापूरहून पुण्यास गेली. एरंडवणे भागात नवा स्टुडिओ उभा राहिला. ध्वनीचा विचार आधीपासून करून बांधलेली जागा मिळणे हे ध्वनिमुद्रकाच्या दृष्टीने फार मोठे पाऊल होते. कोल्हापुरात मूकपटांच्या सवयीतून बोलपट काढला गेला होता. पुण्यात बोलपटासाठी घर बांधले गेले.

पुण्यातील पहिल्या ‘अमृतमंथन’ (१९३४) पासून संगीतकार केशवराव भोळे प्रभातमध्ये आले. त्यांच्या येण्याने ध्वनिविभागापुढे नवे प्रश्न उभे राहिले. भोळे हे मितव्ययी संगीतकार. गाण्यातील तानबाजी कमी करून भाव व शब्द पुढे आणण्याकडे त्यांचा कल होता. पियानो, व्हायोलिन, हवाई गिटार अशी वाद्ये त्यांनी मराठी चालींच्या साथीला घेतली. या वाद्यांचे नाद आपल्या पेटी-तबल्याशी सहज मिसळत नाहीत. पियानोचा आघात टोकदार व त्याचा नाद रेंगाळणारा, तर हवाई गिटारचा स्वर घसरत येणारा. त्यांचा मेळ घालणे हे चालीइतकेच मुद्रणाचेही काम होते. संगीतकाराने कमी वाद्ये योजावीत आणि ध्वनिमुद्रकाने प्रत्येक वाद्याला स्वतंत्र जागा द्यावी, हा या काळातील प्रभातच्या गाण्यांचा विशेष त्यातूनच घडला असावा.

याच सुमारास, १९३५ मध्ये, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूपछाँव’ या चित्रपटात गाणे आधी मुद्रित करून चित्रीकरणाच्या वेळी ते वाजविण्याची पद्धत यशस्वी करून दाखविली. तेथे ध्वनिमुद्रणाचे काम मुकुल बोस यांनी केले होते. हळूहळू ही पद्धत सर्वत्र रुजली. गाणे व चित्र यांची अशी ताटातूट झाल्यावर ध्वनिमुद्रकाचे ओझे हलके झाले, मायक्रोफोन लपविण्याची कसरत संपली आणि मिश्रण ही स्वतंत्र कला म्हणून उभी राहू लागली. संवाद, संगीत व इतर आवाज वेगवेगळ्या फितींवर घेऊन शेवटी एका फितीवर एकत्र करणे याला पुढे रि-रेकॉर्डिंग म्हणू लागले. प्रकाशाने टिपलेल्या ध्वनीची प्रत्येक नवी प्रत काही खरखर वाढवीत असे, त्यामुळे हे एकत्रीकरण त्या काळी जपूनच करावे लागे.

‘संत तुकाराम’

१२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात ‘संत तुकाराम’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शन दामले व फत्तेलाल, कथा-संवाद शिवराम वाशीकर, संगीत केशवराव भोळे, गीते तुकोबांचे अभंग व शांताराम आठवले यांची. तुकारामांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस स्वतः गायक होते. आवली झालेली गौरी प्रभातमध्ये साधे काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक होती. मुंबईत हा चित्रपट एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. खेडोपाडी लोक बैलगाड्या जुंपून तो पाहायला येत. १९३७ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला आणि भारतीय चित्रपटाचे नाव परदेशांत पोहोचले.

या चित्रपटाविषयी भक्ती, अभिनय व चमत्कारदृश्ये या अंगांनी विपुल लिहिले गेले आहे. त्याच्या आवाजाकडे मात्र तितके लक्ष गेलेले नाही. दोन दिग्दर्शकांपैकी एक ध्वनिमुद्रक होता, हे तो डोळे मिटून ऐकला तर अधिक जाणवते.

चित्रपटाच्या आरंभीच विठ्ठलापुढे तन्मय झालेला तुकाराम आणि त्याचा मत्सरी प्रतिस्पर्धी सालोमालो यांचे गायन एकामागून एक येते. पहिले आत वळलेले, दुसरे ऐकणाऱ्यावर छाप पाडू पाहणारे. पुढेही सालोमालो तुकोबांची रचना आपल्या नावावर खपवून रंगेल ढंगाने गाऊन दाखवितो. चाल व आवाज बदलला की तीच भक्ती दिखाऊ होते, हे प्रेक्षकाला एका शब्दाच्याही स्पष्टीकरणाशिवाय कळते. असा युक्तिवाद स्वरांतून मांडण्यासाठी दोन्ही गायनांचा पोत पडद्यावर निराळा उमटावा लागतो. पागनिसांच्या गायनात वाद्ये मागे राहतात, शब्द जवळून कानी येतो. मंदिरात शेकडो माणसांपुढे उभा असलेला हा गायक प्रत्येक श्रोत्याशी एकट्याशी बोलतो आहे, असा भास त्यामुळे होतो. आवलीच्या तोंडची रांगडी, तुटक भाषा आणि गुरांशी तिचे बोलणे हेही याच काळजीने टिपले आहे. तिच्या बोलण्याची लय अभंगाच्या लयीला छेद देते व चित्रपट भाबडा होण्यापासून वाचतो.

आठवले यांनी लिहिलेले बीज-अंकुराचे गीत अनेकांना तुकोबांचाच अभंग वाटला. भाषेचा घाट जुळला होता हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, अभंग व नवे गीत यांच्या गायनात किंवा साथीत कोठेही सांधा दिसत नाही.

चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात दामले यांचे सहकारी व पुढे त्यांच्या विभागाची जबाबदारी घेणारी तरुण मंडळी यांचाही वाटा होता. अनेक माणसांच्या कारखान्यात अमुक गाण्यातील अमुक तोल कोणाचा, असा हिशेब मांडता येत नाही. प्रभातची कामाची रीत तशी नव्हतीच.

उत्तरार्ध

१९३७ च्या ‘कुंकू’ चे दिग्दर्शन शांताराम यांचे. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. दृश्यात जे घडते त्यातूनच आवाज निघतात आणि गाण्यांची साथही प्रसंगातील वस्तूंतून उभी राहते. असा प्रयोग करण्यासाठी ध्वनिविभागावर पुरता विश्वास असावा लागतो, कारण सदोष मुद्रण झाकायला तेथे संगीताचे पांघरूण नसते. अवघ्या पाच वर्षांपूर्वी बोलपटाची अक्षरे गिरवणारी ही कंपनी कोठवर आली होती, याचे ‘कुंकू’ हे चांगले उदाहरण होय.

दामले-फत्तेलाल यांनी यानंतर ‘गोपाळकृष्ण’ (१९३८) व ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) हे बोलपट दिग्दर्शित केले. ‘संत ज्ञानेश्वर’ मध्ये शाहू मोडक यांनी ज्ञानेश्वरांची भूमिका केली. गोदाकाठच्या पैठणात रेड्यामुखी वेद वदविल्याची कथा मराठवाड्यात पिढ्यानुपिढ्या सांगितली जाते. ती पडद्यावर आणताना चित्राची करामत जितकी हवी तितकीच आवाजाचीही हवी होती. कीर्तनकाराला या ठिकाणी श्रोत्यांची श्रद्धा साहाय्याला येते. यंत्राला तो घोष प्रत्यक्ष ऐकवावा लागतो, आणि तो हास्यास्पद झाला तर सारी कथाच कोसळते. १९४१ मध्ये फत्तेलाल, दामले व राजा नेने यांनी मिळून ‘संत सखू’ केला.

या काळात भागीदारांतील बांधा ढिला होत गेला. धायबर आधीच बाहेर पडले होते. १९४२ मध्ये शांताराम यांनी प्रभात सोडली आणि मुंबईत परळ येथे राजकमल कलामंदिर स्थापन केले. युद्धामुळे कच्च्या फिल्मची टंचाई होती. ‘रामशास्त्री’ (१९४४) हा प्रभातचा शेवटचा खरा मोठा चित्रपट ठरला. मितभाषी आणि कामात बुडालेले दामले कंपनीतील अनेकांना वडीलधारी वाटत. सभासमारंभांत ते फारसे पुढे येत नसत आणि आपल्या कामाविषयी त्यांनी विस्ताराने लिहून ठेवले नाही. मराठी चित्रपटाच्या दृष्टीने ही हानीच म्हटली पाहिजे. केशवराव भोळे यांनी आपल्या संगीतरचनेविषयी ग्रंथ लिहिला, शांताराम यांनी आत्मचरित्र लिहिले. ध्वनिमुद्रकाच्या बाजूचा तसा वृत्तांत मात्र आपल्या हाती नाही. जे आहे ते चित्रपटांच्या कडेवरील त्या प्रकाशरेषेत.

५ जुलै १९४५ रोजी वयाच्या ५२ व्या वर्षी दामले यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर प्रभात काही वर्षे कशीबशी चालली आणि १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बंद पडली. फत्तेलाल १९६४ मध्ये निवर्तले.

नंतरचा काळ

राजकमल कलामंदिरात पुढे मंगेश देसाई यांनी ध्वनिमिश्रणात असा लौकिक मिळविला की सत्यजित राय यांच्यासारखे दिग्दर्शकही आपल्या चित्रपटांच्या अंतिम मिश्रणासाठी त्यांच्याकडे येत. तोवर चुंबकीय फीत आली होती, अनेक मार्गिकांवर मुद्रण करणे शक्य झाले होते आणि मिश्रक हा ध्वनिमुद्रकाहून वेगळा तज्ज्ञ मानला जाऊ लागला होता.

पुण्यातील प्रभातची वास्तू १९६० मध्ये केंद्र सरकारच्या चित्रपट संस्थेकडे आली. हीच आजची भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था. ध्वनिमुद्रण हा तेथील एक अभ्यासक्रम आहे. २००९ मध्ये ध्वनिमिश्रणाचे ऑस्कर पारितोषिक मिळविणारे रसूल पूकुट्टी हे याच संस्थेचे विद्यार्थी. प्रभातच्या काळातील चित्रीकरणाचे जुने दालन संस्थेच्या आवारात अजून उभे असून विद्यार्थी तेथे काम करतात. ‘संत तुकाराम’ ची प्रत पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन केलेली आहे.